हॉट डिपच्या नावाखाली: केबल ट्रेच्या खरेदीत आमची झालेली फसवणूक

नवी मुंबईतील एका कार्यालयीन इमारतीच्या विद्युत कामासाठी आम्ही तारेच्या जाळीचे केबल ट्रे, म्हणजे विजेच्या केबल ज्यांत ठेवून नेतात ते आधार, मागवले होते. त्यांतले बरेचसे गच्चीवर, एसीच्या बाहेरच्या युनिटांपर्यंत, म्हणजे थेट पावसात आणि खाडीच्या खाऱ्या हवेत जाणार होते. म्हणूनच खरेदी आदेशात ५ मिमी व्यासाची तार आणि जाळी वेल्ड करून वाकवून झाल्यानंतर केलेले हॉट डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला गंजरोधक थर), असे स्पष्ट लिहिले होते. पुरवठादाराचा नमुना तसाच होता आणि कन्सल्टंटनी तो सही करून मंजूर केला.

पहिल्या गाडीतला मालही बरोबर होता. लबाडी त्यानंतरच्या गाड्यांत झाली. जिथे व्हर्नियर (जाडी मोजण्याचे साधन) सहज लागतो त्या वरच्या कडेच्या तारा ५ मिमीच्याच होत्या, पण तळाची जाळी ४ मिमीची होती. तार ५ वरून ४ मिमीवर आली की तिचे वजन ३६ टक्क्यांनी घटते, आणि दर मीटरवर ठरलेला असल्याने तो सगळा फायदा पुरवठादाराचा. जस्ताच्या बाबतीत तर अधिकच वाईट प्रकार होता. एवढ्या जाडीच्या पोलादावर आयएसओ १४६१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हॉट डिपचा थर सरासरी किमान ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असावा लागतो; आम्हाला मिळालेला माल इलेक्ट्रोप्लेटिंगचा, म्हणजे विजेच्या प्रवाहाने जस्त चढवलेला होता, ज्याचा थर बहुधा ५ ते १२ मायक्रॉन असतो. सोबतच्या चाचणी अहवालावर एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचे बोधचिन्ह होते, पण अशा प्रत्येक अहवालावर लागणारा स्वतंत्र यूएलआर क्रमांक नव्हता, आणि त्यातला लॉट (मालाच्या खेपेचा क्रमांक) आमच्या मालासोबतच्या चलनावरचा नव्हताच.

पहिल्याच पावसाळ्यात वेल्डच्या जोडांवर गंज चढला. आम्ही अखेरचे बिल रोखले, तेव्हा पुरवठादाराने २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याचा आधार घेतला. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास तो स्वीकारला असे त्या कायद्यात धरले जाते, आणि पैसे थकले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. लहान उद्योजकाच्या रक्षणासाठी केलेला हा चांगला कायदा त्याने ढालीसारखा वापरला, याचा मला विशेष संताप आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १७ नुसार सगळा माल नमुन्याशी जुळलाच पाहिजे, पण एकदा स्वीकारलेला माल सहसा परत करता येत नाही, नुकसानभरपाई तेवढी मागता येते. ती मागणी आम्ही केली आहे. गच्चीवरचे ट्रे मात्र स्वखर्चाने बदलावे लागले.

ज्यांची अशी खरेदी चालू आहे त्यांनी प्रत्येक गाडीतले काही ट्रे वजनकाट्यावर ठेवून नमुन्याच्या प्रति मीटर वजनाशी ताडून पाहावेत, कारण आतली तार बारीक असल्याचे वजनावरून तत्काळ कळते. हॉट डिपचा थर सहसा राखाडी आणि जोडांपाशी किंचित खडबडीत असतो, तारांची कापलेली टोकेही जस्ताने झाकलेली असतात. एकसारखी गुळगुळीत चकाकी दिसली तर संशय घ्यावा. डीएफटी मीटर (थराची जाडी मोजणारे यंत्र) लावताना तो त्याच व्यासाच्या उघड्या तारेवर आधी जुळवून घ्यावा, नाहीतर गोल पृष्ठभागामुळे आकडा चुकतो आणि पुरवठादार नेमका त्यावरच वाद घालतो. मंजूर नमुन्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंच्या सह्यांसह सीलबंद ठेवावा, आणि फरक आढळताच त्या १५ दिवसांच्या आत हरकत लेखी पाठवून तिची पोच घ्यावी.