रेड ऑन एन्टेबी: ॲक्शन कमी, मीटिंगा जास्त, तरी बघाच

ॲक्शनपट समजून लावाल तर बराच वेळ मोबाइलच बघत बसाल, आधीच सांगतो. कमांडो येतात ते पार शेवटी, तोपर्यंत मीटिंगा, आणि मला त्याच जास्त आवडल्या.

स्टोरी बऱ्याच जणांना माहितीये, जून १९७६ मध्ये तेल अवीवहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान अथेन्सनंतर अतिरेक्यांनी हायजॅक केलं, लिबियातल्या बेनगाझीमार्गे युगांडात एन्टेबीला नेलं, मग ३ जुलैच्या रात्री इस्रायलची चार हर्क्युलस विमानं जवळपास चार हजार किलोमीटरवर जाऊन ओलिसांना सोडवून घेऊन आली.

पीटर फिंच झालाय इस्रायलचा पंतप्रधान राबिन. बोलणी करा नाहीतर कमांडो पाठवा, दोन्हीकडून माणसं जाण्याची भीती, डेडलाइन डोक्यावर, हे सगळं नुसत्या चेहऱ्यावर दिसतं राव. जानेवारी १९७७ ला पिक्चर एनबीसी या अमेरिकन चॅनेलवर लागला आणि पाचच दिवसांनी बिचारा फिंच गेला. याफेट कोटोचा इदी अमीन, म्हणजे युगांडाचा हुकूमशहा, तर कहर, लग्नात पाहुण्यांची विचारपूस करणाऱ्या वधूपित्यासारखा हसत हसत ओलिसांमध्ये फिरतो, आणि ते हसू बघूनच पोटात गोळा येतो. इस्रायली लोकांना नावं घेऊन वेगळ्या खोलीत पाठवतात तो सीन बघताना एवढंच लक्षात ठेवा, की अतिरेक्यांतले दोघं जर्मन होते, नाझींनी ज्यूंना वेगळं काढलं होतं त्याची आठवण होतेच.

चार्ल्स ब्रॉन्सन मात्र वाया घालवलाय, एवढा मोठा स्टार आणि बहुतेक वेळ नुसतं ब्रीफिंग.

सोबत आमच्या सोसायटीतले रिटायर्ड कर्नलकाका होते (पुण्यात प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच). विमानातून काळी मर्सिडीज उतरायच्या आधीच, "आता बघ हं, पहारेकऱ्यांना वाटणार अमीनच आला!" स्पॉयलर द्यायला एक नंबर. पण टर्मिनलची बिल्डिंग इस्रायली कंपनीनेच बांधली होती, त्यामुळे आतली माहिती मिळाली, हे त्यांच्यामुळेच कळलं.

आणि हो, सगळंच गोड नाहीये. ओलिसांतल्या डोरा ब्लॉक नावाच्या आजी घशात घास अडकला म्हणून कंपालाच्या हॉस्पिटलात होत्या, त्या मागे राहिल्या आणि अमीनच्या माणसांनी त्यांना मारलं.

शोधताना घोळ करू नका, याच विषयावर डिसेंबर १९७६ चा अजून एक टीव्ही पिक्चर आहे, एलिझाबेथ टेलर, कर्क डग्लस असले स्टार, पण व्हिडिओ टेपवर शूट केलेला आणि दिसतोही तसाच. तो नाही, फिंचवाला बघा.