सत्तेचाळीस 'जुने' ड्रायव्हर आणि काकांचे साडेतीन हजार

इचलकरंजीला माझे काका दोन यंत्रमागवाल्यांची बिलं आणि जीएसटीचं काम घरबसल्या बघतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा त्यांनी ओळखीच्या एका मुलाकडून लॅपटॉप फॉरमॅट करून विंडोज ११ टाकून घेतलं. मुलगा पैसे घेऊन निघाला आणि जाताना म्हणाला, "नेट लावा, ड्रायव्हर आपोआप येतील." पण वायफायचाच ड्रायव्हर, म्हणजे तो भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर, नव्हता, आणि त्या पातळ लॅपटॉपला नेटच्या केबलचं पोर्ट नाही. म्हणजे नेट आल्याशिवाय ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हरशिवाय नेट नाही. शिवाय आवाज गेलेला आणि टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकेना.

काकांनी मोबाइलवर लॅपटॉप कंपनीचं नाव टाकून पुढे 'वायफाय ड्रायव्हर' असं शोधलं. सगळ्यात वर एक जाहिरात आली. ती जाहिरात आहे हे सांगणारी अक्षरं इतकी बारीक की चाळिशी लावूनही दिसू नयेत. पानावर कंपनीचा लोगो, मोठं हिरवं बटण आणि खाली १८०० ने सुरू होणारा नंबर. काकांनी तो फिरवला.

पुढचं मला शब्दशः माहीत आहे, कारण काकांच्या फोनवर प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. पाऊण तासाचं ते रेकॉर्डिंग मी बसून ऐकलं. पलीकडचा माणूस कुठेही घाई करत नाही, आवाज चढवत नाही. "सर, घबराइए मत," म्हणून सुरुवात करतो आणि पहिली गोष्ट अगदी बरोबर सांगतो: मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडा, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. तसं केल्यावर नेट खरोखर सुरू झालं. काकांचा "आलं की!" असा खूश आवाज ऐकू येतो. माझ्या मते सौदा तिथेच पटला. दोन दिवस अडलेलं काम ज्यानं दोन मिनिटांत करून दिलं, त्याच्यावर संशय कोण घेणार?

मग त्यानं लॅपटॉप लांबून चालवायचं ॲप उतरवायला लावलं आणि त्यावरचा नंबर विचारला. काका एकेक आकडा वाचून दाखवतात, मागून काकूंचा आवाज येतो, "कुणाला नंबर सांगताय?" आणि काका म्हणतात, "कंपनीचे आहेत गं."

त्यानंतर खरा खेळ. त्यानं एक 'ड्रायव्हर अपडेटर' टाकला आणि स्कॅन लावला. लाल अक्षरांत निकाल आला: ४७ ड्रायव्हर कालबाह्य. "सर, लॅपटॉप कब लिया?" काका म्हणाले, २०२१ ला. "तो ये देखिए, ड्रायव्हर २००६ का है. और ये वाला १९६८ का. ये हॅकर का काम है." काका गप्प. १९६८ सालचा ड्रायव्हर म्हटल्यावर कुणीही गप्पच होईल.

या तारखा खऱ्या आहेत, म्हणून तर माणूस फसतो. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या बहुतेक ड्रायव्हरवर २१ जून २००६ हीच तारीख मुद्दाम घातलेली असते. आतला कोड ताजा असतो, तारीख तेवढी जुनी. कारण असं की हार्डवेअर बनवणाऱ्या कंपनीचा त्याच भागासाठीचा ड्रायव्हर मिळाला, तर त्याची तारीख नवी ठरावी आणि विंडोजनं तो निवडावा. इंटेलच्या चिपसेटच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांच्या, फाइलींवर १८ जुलै १९६८ असतं, तो इंटेल कंपनीच्या स्थापनेचा दिवस. या फाइली विंडोजला त्या भागाची ओळख करून देण्यापुरत्या असतात. आत्ता हातातल्या लॅपटॉपवर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, सिस्टिम डिव्हाइसेसमधल्या काही नोंदींचा ड्रायव्हर टॅब बघा. २००६ सापडेलच. ठणठणीत मशीनवरही सापडतं.

दुसरा पुरावा म्हणून त्यानं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून लाल खुणांची रांग दाखवली. त्या खुणासुद्धा प्रत्येक संगणकावर असतात, एखादी सेवा वेळेत सुरू झाली नाही तरी तिथे नोंद पडते. अमेरिकेत ऑफिस डेपो या मोठ्या दुकानसाखळीवर अशाच 'मोफत तपासणी'बद्दल कारवाई झाली होती. तपासणीआधी चार प्रश्न विचारायचे आणि एकालाही 'हो' म्हटलं की व्हायरसची लक्षणं सापडल्याचा निकाल यायचा, असा आरोप होता. २०१९ मध्ये ती कंपनी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. निकाल आधी ठरवून स्कॅन चालवायची ही विद्या जुनीच आहे.

भाव ठरला २,९९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५३९. काकांनी यूपीआयनं भरले, वर "बिल पाहिजे हां, जीएसटी नंबरसकट" असं बजावलं. वायफाय चालू झालं, आवाज आला, बिलही मेलवर आलं. संध्याकाळी ते बिल नोंदवायला घेतलं तेव्हा काका अडखळले आणि त्यांनी मला फोन केला. "अरे, जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतोय की. ह्यात चौदाच आहेत." त्या भामट्यानं सगळी तयारी केली, पण गिऱ्हाईक दिवसभर जीएसटी नंबरच टाइप करतं हे त्याला कुठून कळणार?

लॅपटॉप बघितल्यावर माझंच डोकं फिरलं. विंडोज अपडेटच्या हिस्टरीत 'ड्रायव्हर अपडेट्स' नावाचा भाग असतो. त्यात त्याच तारखेला वायफाय, साउंड आणि टचपॅड, तिन्ही ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टकडून फुकट उतरल्याची नोंद होती. म्हणजे यानं केलं काय, तर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या ऑप्शनल अपडेट्समध्ये जाऊन चौकटींवर टिक केलं. त्याचा अपडेटर नुसता शोभेला.

पैशांपेक्षा वाईट गोष्ट पुढे निघाली. लांबून चालवायच्या ॲपला त्यानं स्वतःचा पासवर्ड लावून ठेवला होता, म्हणजे लॅपटॉप चालू असताना परवानगी न विचारता केव्हाही आत शिरता यावं. विंडोज सिक्युरिटीत 'एक्सक्लूजन्स'च्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह घातलेला, म्हणजे तिथे काहीही येऊन पडलं तरी अँटिव्हायरस बघणार नाही. हे दिसल्यावर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नेट तोडलं, टॅलीचा डेटा बाहेर काढला आणि परत फॉरमॅट मारलं. बँक, मेल, जीएसटी पोर्टल, सगळ्यांचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच संध्याकाळी फोन केला, सरकारी सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. आमच्या बाबतीत रक्कम तोवर पुढे सरकली होती. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातलं कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाला झळ नाही हे कलम खातेदाराच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी होतं. इथे त्याचा उपयोग झाला नाही.

दुसऱ्या फॉरमॅटनंतर ड्रायव्हरचं सगळं अर्ध्या तासात झालं. लॅपटॉपच्या पोटाखालच्या स्टिकरवरून मॉडेल नंबर घेतला, कंपनीच्या साइटचा पत्ता हातानं टाइप केला आणि वायफायचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवला. बाकीचे विंडोज अपडेटनं आणले. एवढं करूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह राहिलंच, तर प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स टॅबवर हार्डवेअर आयडी बघा. त्यातली चार अक्षरं बनवणाऱ्याचं नाव सांगतात: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक.

आणखी एक, कारण दुकानात यावरही लोकांना टोप्या घालतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही. तेव्हा "एसएसडी गेली, नवी टाका" ऐकून पैसे काढू नका. डिस्क दिसण्यासाठी लागणारा इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून 'लोड ड्रायव्हर'मध्ये दिला की बहुतेक वेळा तीच डिस्क समोर येते.

ती जाहिरात मी गुगलला कळवली. ते पान गेलं, पण परवा प्रिंटरचा ड्रायव्हर शोधताना तेच हिरवं बटण आणि तीच मांडणी दुसऱ्या कंपनीच्या लोगोखाली वर आली. नंबर फक्त बदललाय.