सिम्युलेशनसाठी उबंटू, आठ महिन्यांनंतर: रन झकास, घड्याळानं मात्र वैताग आणला

आधी विंडोजवरच डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) ओपनफोम, म्हणजे पाण्या-हवेच्या प्रवाहाचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर, चालवत होतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका पंपवाल्याचं इम्पेलरचं (पंपातलं फिरणारं पात्यांचं चाक) काम, 36 तासांचा रन. अपडेट मीच पंधरा दिवस पुढं ढकलत होतो, ते एकतिसाव्या तासाला पहाटे बसलं आणि मशीन रिस्टार्ट. राइट इंटरव्हल (किती वेळानं निकाल सेव्ह करायचा ते) पण भलता मोठा ठेवलेला, त्यामुळं हातात भोपळा.

त्याच रागात उबंटू 22.04, म्हणजे लिनक्सच, थेट मशीनवर घातलो. फुकट आहे हेही होतंच, खोटं कशाला बोलू. पहिल्याच दिवशी एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकल्यावर काळी स्क्रीन, सेकंडहँड मशीन दिलेला दुकानदार म्हणतोय "आगूदिल्ल री (होत नाही हो), विंडोजच घाला", दोन दिवस भांडलो. शेवटी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेले ड्रायव्हर अडवणारं कुलूप, बंद केलो, झालं. दोन मिनिटांचं काम.

आता रन बिनघोर चालतंय. मधे लाईट गेली तर कंट्रोलडिक्टमध्ये (ओपनफोमची सेटिंगची फाईल) लेटेस्ट टाइम ठेवलेलं असतंय, शेवटच्या सेव्हपासनं पुढं सुरू. पण एक कबूल करतो, डब्ल्यूएसएलला मी उगीच शिव्या घातलो. केस फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवत होतो, तिथनं फाईल वाचायला-लिहायला ते हळूच असतंय, लिनक्सच्या बाजूला ठेवलं असतं तर निम्मी तक्रार उरली नसती. रॅमपण आपणहून अर्धीच घेतंय, ती वाढवता येते हे उबंटू घातल्यावर कळलं, काय उपयोग.

विंडोज काढता येत नाही, कारण पार्टी मॉडेल सॉलिडवर्क्समध्ये (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) देते आणि ते लिनक्सवर नाही. म्हणून ड्युअल बूट, एकाच मशीनवर दोन्ही, आणि तिथंच ते घड्याळ! उबंटू मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) लिहितंय, विंडोज तीच लोकल वेळ समजतंय. म्हणजे बरोब्बर साडेपाच तासांचा घोळ. सकाळी साडेदहाला विंडोज उघडलो की पहाटेचे पाच, नेट लागून वेळ सुधारेपर्यंत कुठली फाईल नवी कुठली जुनी पत्ता नाही, एकदा जुन्याच मेशवर (मॉडेलचे बारीक तुकडे पाडलेली जाळी) अख्खी रात्र घालवलो की ओ! सहा महिने हे सोसलो, आणि उपाय काय तर टर्मिनलमध्ये एक ओळ, टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1, म्हणजे उबंटूपण त्या घड्याळात लोकल वेळच ठेवतंय. मारल्यावर उबंटू वॉर्निंग देतंय, देऊ दे.

मधल्या काळात पंपवाल्याला गेलेल्या रिपोर्टवर वेळ छापली होती पहाटे 5:10. "काय ओ, एवढ्या पहाटे उठून काम करताय?" म्हणून त्यानं पुढच्या कामाचा ॲडव्हान्स न मागता दिला. त्याला अजून काही सांगितलो नाही.