दौलताबादचा किल्ला, परधान गोंडांची रेषा : ‘भीमायन’

१९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यापाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्याच्या पाण्याने हातपाय धुतात, ‘तळे बाटवले’ म्हणून त्यांच्यावर जमाव धावून येतो, आणि शेवटी किल्ला पाहू दिला जातो तोही त्यांनी कुठे पाण्याला शिवू नये म्हणून सोबत शिपाई देऊन. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला हा प्रसंग मराठवाड्यात बहुतेकांना माहीत असतो. ‘नवयान’ या छोट्या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये काढलेल्या ‘भीमायन’ या इंग्रजी चित्रकथेत मात्र तो पाहताना मी बराच वेळ एकाच पानावर थांबलो, कारण इथे किल्ला म्हणजे दगडी बांधकाम नसून एक हिंस्र श्वापद आहे.

चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड (मध्य प्रदेशातील एक आदिवासी समाज) दांपत्याची आहेत आणि लेखन श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे. पाणी, निवारा आणि प्रवास अशा तीन भागांत साताऱ्याची शाळा, महाडचे तळे, बडोद्यातील पारशी पथिकाश्रम, चाळीसगावचा टांगा आणि दौलताबाद हे प्रसंग येतात. व्याम दांपत्याने पात्रांना चौकटीत कोंडायला नकार दिला. त्यामुळे पानाची विभागणी घरच्या भिंतींवर आणि जमिनीवर रेखाटल्या जाणाऱ्या ‘दिग्ना’च्या वळणांनी होते. आगगाडी साप होते, हातपंपाचा दांडा हत्तीची सोंड होतो. संवादांचे फुगेही अर्थ सांगतात : सोसणाऱ्यांचे मृदू बोलणे पक्ष्याच्या आकारात, जातीचा विखार ओकणारे बोलणे विंचवाच्या नांगीसह, आणि मनातला विचार डोळा असलेल्या फुग्यात. मोठ्या प्रकाशकाच्या ठरलेल्या साच्यात इतकी मोकळीक मिळाली असती असे मला वाटत नाही. छोट्या प्रकाशनांची ओढ वाटते ती याचसाठी.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या तयारीला येणारी मुले वहीच्या मागच्या पानांवर मांगा या जपानी चित्रकथांमधले डोळे आणि केस हुबेहूब उतरवतात. मी त्यांना अडवत नाही, कारण आवडत्या चित्रकाराच्या हाताची नक्कल केल्याशिवाय आपला हात कसा चालतो हे कळत नाही. ‘भीमायन’ वर्गात नेल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची हरणे आणि झाडे ठिपक्यांनी व बारीक रेषांनी भरून गेली. तेव्हा त्यांना, ही गोंड चित्रपरंपरा ज्यांच्यापासून सुरू झाली त्या जनगढ सिंह श्याम यांच्याविषयी सांगावे लागले. पाटनगढच्या या तरुणाला १९८०च्या दशकाच्या आरंभी चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आणले आणि पुढे त्याने आपले नातलग व गाववाले हाताखाली घेतले. ते आधी त्याच्या चित्रांतले आकार भरत, मग त्यातून ज्याने त्याने भरणीची स्वतःची खूण शोधली. कोणाचे ठिपके, कोणाच्या लाटा, कोणाच्या बियांसारख्या रेघा. आज त्या परंपरेतले चित्र भरणीवरूनच ओळखता येते. नक्कल कुठवर करायची आणि कुठून पुढे आपली खूण शोधायची, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने आता ठिपक्यांऐवजी ज्वारीच्या कणसाचे दाणे वापरायला सुरुवात केली आहे.

पुस्तकात एक उणीव जाणवते. बसथांब्यावर आजचे दोघे आरक्षणावर वाद घालतात, त्या संवादातून सगळा इतिहास उलगडतो, आणि तिथे लेखन चित्रांवर विश्वास न ठेवता वाचकाला पटवू पाहते. मधूनमधून घातलेली अलीकडच्या अत्याचारांची वृत्तपत्रीय कात्रणे मात्र नेमकी जागी आहेत. ती वगळली असती तर दौलताबादची गोष्ट जुनी वाटली असती.

आमच्याकडच्या दुकानांत असली पुस्तके सहसा मांडलेली दिसत नाहीत, ती सांगून मागवावी लागतात. आठवीपासून पुढच्या मुलांसाठी, आणि चित्रकलेच्या प्रत्येक शिक्षकासाठी, ते अवश्य मागवावे. इंग्रजी कठीण वाटत असल्यास शेवटच्या भागातील दौलताबादच्या पानांपासून सुरुवात करावी. प्रसंग ओळखीचा असल्याने चित्रे तिथे बरेच काही स्वतःच सांगतात.