दहाचाकी टिपरला विंच कुठे बसवावा: तीन जागा, तीन विंच आणि आमचं मत

विंच म्हणजे ड्रमवर रोप गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र. ते विकणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘किती टनाचा देऊ?’ खरा पहिला प्रश्न वेगळा आहे: गाडी रुतली तर ती कुठल्या बाजूनं बाहेर निघणार? टिपर खाणीत, भरावावर किंवा पाऊस पडून गेलेल्या काळ्या मातीत तोंड पुढे घालून जातो आणि पुढची चाकं आधी बसतात. टणक जमीन मागे राहिलेली असते. म्हणजे दहापैकी आठ वेळा ओढ मागच्या दिशेची. अमेरिकी लष्कराच्या रिकव्हरीच्या, म्हणजे रुतलेल्या गाड्या काढण्याच्या हिशेबातही गाडी ज्या वाटेनं आत गेली त्याच वाटेनं उलट काढली तर ओढ सुमारे १० टक्के कमी धरतात. तरीही बाजारात सगळ्यात जास्त विंच पुढच्या बंपरवर बसतात, कारण तिथे जागा मोकळी दिसते आणि फोटोत बरं दिसतं.

त्याच हिशेबातला दुसरा भाग क्षमतेचा. चाकं हबपर्यंत (मधल्या तुंब्यापर्यंत) बुडाली तर लागणारी ओढ गाडीच्या वजनाइतकी, मडगार्डपर्यंत बुडाली तर दुप्पट, केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. भरलेला दहाचाकी साधारण २८ टन, रिकामा १० ते १२ टन. म्हणून माल आधी उतरवा. मात्र गाडी एका बाजूला कलली असेल तर हौदा उचलू नका. रुतलेला टिपर उलटतो तो बहुतेक वेळा याच क्षणी.

पुढचा बंपर, इलेक्ट्रिक विंच

या जागेसाठी सहज मिळणारा मोठा इलेक्ट्रिक विंच म्हणजे वॉर्न १६.५टीआय किंवा त्याच मापाचे इतर. १६,५०० पौंड, म्हणजे ७,४८४ किलो ओढ आणि २७ मीटर वायर रोप. यंत्र म्हणून चांगलं आहे. पण हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. रोप चार थर गुंडाळलेला असताना त्यातले साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेचार टन हाती लागतात. रिकामा टिपर हबपर्यंत बसला असेल तर एक पुली लावून, बराचसा रोप बाहेर काढून तो निघेल. भरलेला निघणार नाही.

दुसरी अडचण व्होल्टेजची. १६.५टीआय १२ व्होल्टचा आहे आणि आपले ट्रक २४ व्होल्टचे. मग फिटर दोनपैकी एका बॅटरीवर विंच जोडून मोकळा होतो. ती बॅटरी रोज उपाशी राहते, दुसरी उतू जाईपर्यंत चार्ज होते आणि काही महिन्यांत जोडी बाद. मोठ्या गाडीला २४ व्होल्टचाच विंच मागा. तोही पूर्ण ओढीवर २०० ते २५० अँपिअर घेतो. ऑल्टरनेटर त्याला पुरत नाही, सगळा भार बॅटरीवर येतो. म्हणून एक मिनिट ओढ, मग विश्रांती. बॅटरी केबिनच्या मागे, विंच पुढे: जाऊन-येऊन १० मीटर केबल धरली तर ७० चौरस मिलिमीटरच्या तांब्यात सुमारे ०.६ व्होल्ट पडतात, ३५ च्या केबलमध्ये सव्वा व्होल्ट. निगेटिव्हही केबलनंच आणा. चेसिसमधून परतीचा रस्ता दिला तर गंजलेला सांधा तापतो आणि विंच ‘कमजोर’ असल्याची तक्रार सुरू होते.

वजनाचा हिशेब तर कुणी करतच नाही. विंच, पत्र्याचा बंपर आणि ब्रॅकेट मिळून ३५० किलो आणि ते पुढच्या अॅक्सलच्या दीड मीटर पुढे. व्हीलबेस चार मीटर. पुढच्या अॅक्सलवर वाढतात ४८० किलो, मागच्यावरून १३० कमी होतात. बसण्याची शक्यता ज्या चाकांची जास्त, त्यांनाच आपण जड करतो. शिवाय रेडिएटर आणि इंटरकूलरची हवा अडते, केबिन तिरपी करताना बंपर आडवा येतो आणि चढाच्या तोंडाशी नाक आधी टेकतं. कायद्याचीही बाजू आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रालयानं बुल बार व क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. आरटीओला विचारल्याशिवाय नवा बंपर ठोकू नका.

टिपरसाठी ही जागा आमच्याकडून नापास. जंगलात पुढे वाट काढत जाणाऱ्या हलक्या ४×४ ट्रकला ती शोभते.

चेसिसच्या मधे, दोन्हीकडे जाणारा रोप

या जागेचा राजा जर्मनीच्या रोट्झलरचा ट्रायबमॅटिक. टीआर ०८० या मॉडेलची ओढ ८० किलोन्यूटन, म्हणजे साधारण आठ टन, आणि ती पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत तेवढीच राहते. कारण ओढायचं काम खाचा असलेल्या दोन चाकांवर होतं आणि रोप साठवायचा ड्रम वेगळा असतो. थर वाढला म्हणून ओढ घटत नाही, रोप खालच्या थरात रुतून अडकत नाही. रोप रोलरवरून पुढेही नेता येतो, मागेही. लष्करी आणि अग्निशमन गाड्यांवर हा दिसतो तो याच गुणामुळे.

टिपरवर मात्र गाडं जागेवर अडतं. चेसिसच्या मधून जॉइंट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलला फिरवणारा शाफ्ट जातो. गाडी खड्ड्यात आपटून अॅक्सल पूर्ण वर आला तरी जॉइंट आणि विंच यांत ७५ मिमी अंतर राहायला हवं. केबिनच्या मागे पाहावं तर पुढून उचलणाऱ्या टिपरचा जॅक तिथेच उभा असतो. हौद्याच्या खाली जॅक असलेल्या गाडीत केबिनमागे जागा निघते, पण मग मागे जाणारा रोप जॅकच्या कात्रीतून न्यावा लागतो. साधा मालट्रक किंवा पाण्याचा टँकर असेल आणि खर्चाची तयारी असेल तर हाच घ्या, दुसरा बघू नका. टिपरसाठी ही जागा उत्तम असूनही बहुधा मिळत नाही.

मागच्या जोडअॅक्सलच्या मागे, हायड्रॉलिक विंच

आमची पसंती इथे. दुसऱ्या मागच्या अॅक्सलनंतर, हौद्याच्या बिजागरीच्या खाली, दोन्ही चेसिस रेल्सच्या मधे साधारण एक मीटर जागा असते. त्यात १० टनाचा प्लॅनेटरी गिअरचा हायड्रॉलिक विंच बसतो, रोप मागच्या क्रॉस मेंबरमधून चार रोलरच्या चौकटीतून बाहेर पडतो. टिपरला पीटीओ (गिअरबॉक्समधून ताकद बाहेर घेणारा जोड) आणि तेलाचा पंप आधीच असतो, हा मोठा फायदा. १० टन ओढ मिनिटाला ५ मीटर वेगानं हवी तर १६० बारवर मिनिटाला ४० लिटरच्या आसपास तेल लागतं. टिपरचा पंप तेवढं आरामात देतो.

पण जॅकची पाइपलाइन जशीच्या तशी विंचला चालत नाही आणि निम्मी कामं बिघडतात ती इथेच. जॅकचं तेल गेलेल्या नळीतूनच परत येतं. विंचच्या मोटरला टाकीपर्यंत वेगळी परतीची नळी लागते, वाटेत फिल्टरसह. मोटरची केस ड्रेन नळी (कवचात झिरपलेलं तेल बाहेर नेणारी) थेट टाकीत सोडा, परतीच्या नळीला जोडू नका. तिच्यात दाब साठला की शाफ्टचं सील उडतं. व्हॉल्व्हचा स्पूल (तेलाची वाट बदलणारा आतला दांडा) मोटरसाठीचा घ्या, ज्यात मधल्या स्थितीत दोन्ही बाजू टाकीला उघड्या राहतात. सिलिंडरचा बंद स्पूल बसवला तर विंचच्या ब्रेकच्या नळीत दाब अडकून राहतो, ब्रेक पूर्ण लागत नाही आणि लिव्हर सोडल्यावरही गाडी इंच-इंच सरकते. लोक ब्रेकच्या प्लेटा बदलत बसतात. दोष तिथे नसतोच.

रोपचं माप ओढीच्या दुपटीवरून काढा. १६ मिमीचा स्टील कोअरचा (गाभाही स्टीलचा), १९६० ग्रेडच्या तारांचा रोप १८ टनांच्या आसपास तुटतो, १८ मिमीचा २३ टनांवर. १० टनाला १८ मिमी. ड्रमचा व्यास १८० मिमी आणि लांबी ३०० मिमी धरली तर चार थरांत सुमारे ५० मीटर मावतो. ओढ थराथरानं अशी उतरते: १०, मग ८.५, मग ७.३ आणि चौथ्या थरावर ६.५ टन. म्हणून झाड जवळ असलं तरी पुली लावून रोप दुहेरी करा. जास्त रोप बाहेर गेला की ड्रमवरचे थरही कमी होतात, फायदा दोन्हीकडून. पाच फेरे मात्र ड्रमवर राहिलेच पाहिजेत, नाहीतर सगळा भार रोपाच्या टोकाच्या पाचरीवर येतो.

या जागेचा उणेपणा म्हणजे ड्रमपासून रोलरचं अंतर जेमतेम एक मीटर. ड्रमच्या कडेला रोप सात-आठ अंशांनी तिरका होतो. नीट गुंडाळला जायला दोन अंशांच्या आत हवा. रोप मग एका बाजूला डोंगर रचतो आणि तो ढासळला की झटका बसतो. रोप ड्रमवर दाबून धरणारा स्प्रिंगचा दाबरोलर असलेलाच विंच घ्या, तो नंतर बसवणं त्रासाचं असतं. दुसरा उणेपणा खास टिपरचा: हौदा रिकामा करताना खडी आणि मुरूम नेमके इथे पडतात. ड्रमवर ५ मिमी पत्र्याचं झाकण हवं, उतरतं, म्हणजे माल घसरून जाईल. हौदा पूर्ण उचलून, डाला (हौद्याची मागची झडप) उघडा ठेवून काहीही घासत नाही ना, हे वेल्डिंगच्या आधी पाहा. मागची अंडररन गार्डही (लहान गाडी ट्रकखाली घुसू नये म्हणून लावलेली आडवी पट्टी) हलवावी लागते. ती जमिनीपासून ५५० मिमीपेक्षा वर जाता कामा नये.

बसवताना

चेसिसवर वेल्डिंग नको आणि रेलच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोकं नकोत. भोकं फक्त उभ्या भागात, तीही पट्टीपासून दूर. उष्णतेनं किंवा भोकानं पट्टी कमजोर झाली की तडा तिथूनच धावतो, आणि तो विंच ओढताना नाही तर सहा महिन्यांनी भरल्या गाडीत दिसतो. विंचची पाटी दोन्ही रेल्सना आतून ८ ते १० मिमीच्या बाजूपट्ट्यांनी जोडा. एम१६ चा १०.९ ग्रेडचा बोल्ट नीट आवळला तर घर्षणावर सुमारे दीड टन तोलतो. १० टनाच्या ओढीला जवळजवळ दुप्पट सुरक्षितता हवी, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा बोल्ट. भोक सैल ठेवून चार मोठे बोल्ट मारणारे भेटतील. त्यांना नम्रपणे नकार द्या.

आणि ज्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ती गोष्ट: पुलीचा डोळा, म्हणजे ट्रकवर पुली अडकवायची कडी. तिहेरी रोप लावला की एक पुली ट्रकवर येते. विंचच्या पाटीवर १० टन, पण त्या पुलीच्या डोळ्यावर दोन पदर, म्हणजे घर्षण वजा जाता १७ टन. कारखान्यातून आलेल्या टोचनच्या पिनवर हा भार टाकू नका. स्वतंत्र डोळा बसवा, त्याचे बोल्ट १७ टनांच्या हिशेबानं, म्हणजे विंचपेक्षा जास्त. तिहेरी रोपानं पहिल्या थरावर एकूण २७ टन मिळतात. भरलेला टिपर हबपर्यंत बसला आणि उलट काढायचा असेल तर २५ लागतात. म्हणजे निघतो, पण राखीव काहीच उरत नाही.

बसवून झाल्यावर पहिली ओढ भरलेल्या दुसऱ्या ट्रकला बांधून, अर्ध्या दाबावर द्या. याच वेळी रोप ताणाखाली पहिल्यापासून गुंडाळून घ्या. कारखान्यातून आलेला सैल गुंडाळा असाच वापरला तर वरचा थर खालच्यात रुततो. मग सगळे बोल्ट टॉर्क रेंचनं पुन्हा तपासा, आणि ५०० किलोमीटर गेल्यावर परत एकदा.