टेली-मानस १४४१६ : रात्री दोन वाजता मिळालेला आधार

यजमान गेल्यानंतर खजराण्याच्या गणपतीपुढे हात जोडतानाही माझ्या ओठांवर शब्द येत नसत, आणि अपरात्री इंदूरमधल्या नातलगांना उठवण्याचा संकोच वाटे. अशाच एका रात्री, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या निःशुल्क, चोवीस तास चालणाऱ्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक मी फिरवला. भाषा निवडता येते. मी हिंदी निवडली, पण बोलता बोलता मराठीवर आले, तरी समुपदेशक ताईंनी मध्ये थांबवले नाही. त्यांनी उपदेश केला नाही, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. झोप, जेवण, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार, सारे शांतपणे विचारले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी, कित्येक आठवड्यांनंतर, मी देवघरात निरांजन लावले.