तंबाखू मागायला गेले, फणी घेऊन आले: इतवारीतलं काष्ठौषधीचं दुकान

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तर आठ वर्षांच्या लेकीचं डोकं उवांनी भरलं. उमरेडहून आईचा फोन. "तंबाखू रात्रभर भिजव अन् ते पाणी चोळ तिच्या डोक्याले. तुले बी मीच लावलं होतं." मला आठवतं ते. त्या संध्याकाळच्या ओकाऱ्या आणि गरगरणंही आठवतं. घरच्यांनी तेव्हा सगळं उन्हावर ढकललं होतं.

तरीही नागपूरच्या इतवारीत गेलेच. काष्ठौषधीच्या, म्हणजे झाडपाल्याच्या औषधांच्या, या दुकानात तंबाखू ठेवत नाहीत. गल्लीत कुठेही मिळते, बोट दाखवून दुकानदार काका मोकळे झाले असते. त्यांनी विचारलं, "कायले पायजे? लेकरू केवढं हाय?" मग तराजू बाजूला ठेवून नीट सांगितलं. निकोटीन कातडीतून थेट रक्तात जातं, खाजवून सोललेल्या टाळूतून तर आणखी लवकर. तंबाखूच्या शेतात ओली पानं तोडणाऱ्या धडधाकट मजुरांनाही त्यानेच उलट्या आणि चक्कर येते. मग वीस-बावीस किलोच्या पोरीचं काय!

मी म्हटलं, मग सीताफळाच्या बियांची पूड द्या. ती त्यांच्याकडे होती, तरी दिली नाही. डोकं धुताना ओघळून डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते. त्याऐवजी खोबरेल तेल आणि बारीक दातांची फणी, दर तिसऱ्या दिवशी, तीन आठवडे. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून एकदा विंचरून भागत नाही. हातातली विक्री अशी सोडणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला.

माझ्या पुढचे गृहस्थ टाचांच्या भेगांसाठी बिब्बे मागत होते. कच्च्या बिब्ब्याच्या तेलाने अंगावर फोड उठतात, वैद्यांना विचारून या, म्हणून त्यांनाही परत पाठवलं.

दुकानाला गुण देताना एक तारा (स्टार) मात्र मी कापते आहे. सुंठ आणि वेखंडाच्या पुड्या घरी आणल्या, दोन्हींवर नाव नाही. वास घेऊन ओळखाव्या लागल्या. त्याहून वाईट म्हणजे धोतऱ्याच्या बियांचा डबाही कोराच. ते बी दिसतं मिरचीच्या बियांसारखं आणि पोटात गेलं तर माणूस भ्रमिष्ट होतो, जीवही जातो. मी हे बोलून दाखवलं. पुढच्या खेपेला पुड्यांवर पेनाने नाव होतं, डबा तसाच.

लेकीचं डोकं तिसऱ्या आठवड्यात साफ झालं. आईला हे सगळं सांगितलं, ती ऐकून गप्प झाली. ती स्वतः दाढ दुखते म्हणून रोज मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेलीला कोण अडवणार? काकांनी तिच्यासाठी लवंग दिली आणि बजावलं, हे तात्पुरतं, दाढ दाखवाच. दिवाळीला ती आली की मेडिकलच्या, म्हणजे सरकारी इस्पितळाच्या, दंत महाविद्यालयात नेणार आहे.

दुकानात दुपारी तीननंतर जा. सकाळी ठोक गिऱ्हाइकं असतात, बोलायला सवड मिळत नाही.